कड्यावरच्या फुलाचं बी

आमच्या शहाद्याच्या कॉलेजात बी साफ करायचं काम माझ्याकडे आलं, त्याचं कारण एवढंच की मी पिंजाऱ्याची मुलगी. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी परिचर आहे. बाटल्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसायचे, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या आणि गोळा करता करता त्यांना चार शब्द ऐकवायचे, हे माझं रोजचं काम. तोंडाने मी फटकळ, हे सगळं कॉलेज जाणतं. हात मात्र हलका आहे, तो घरून आलाय. आमच्या घरात तीन पिढ्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजला जातोय. कापसात अडकलेली पानांची चुरी, फुटकी सरकी, मातीचा खडा, हे सगळं न बघता बोटांना कळतं. म्हणून आमच्या मॅडमनी पहिल्यांदा ती कागदी पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि आतला पांढरा भुसभुशीत पुंजका दाखवला, तेव्हा मी म्हटलं, हे तर आमचंच काम, द्या इकडे.

मॅडम म्हणजे विभागाच्या प्राध्यापिका. मूळच्या बाहेरगावच्या, पण इथे येऊन अठरा वर्षं झाली. बाईला रविवार म्हणून ठाऊक नाही. पायात पुरुषी बूट, डोक्याला पंचा, पाठीवर पिशवी, की निघाल्या सातपुड्यात. कोणी म्हणायचं नवरा-पोरं सोडून ही बाई गवतात काय शोधते. मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू. मग एका ऑक्टोबरात त्यांच्यासोबत जाणारी मुलगी आजारी पडली आणि पिशव्या धरायला मला नेलं. त्या दिवसापासून मी असलं काही बोलले नाही.

धडगावपर्यंत एसटी, पुढे मोलगीच्या बाजूला जीप. त्या दिवशी मोलगीचा बाजार होता, जीपमध्ये माणसं, कोंबड्या आणि कांद्याच्या गोण्या. मी एका पायावर उभी, मॅडम मात्र खिडकीतून डोंगर बघत गालातल्या गालात हसत होत्या. एका वळणावर आम्ही उतरलो. रस्त्याच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाचा कडा होता, दोन माणसं उंच, आणि त्याच्या भेगांतून ती झाडं उभी होती. गुडघ्याएवढी. पानं वरून हिरवी, खालून राखेच्या रंगाची, लोकर लावल्यासारखी मऊ. आणि प्रत्येक दांड्यावर एकच जांभळं फूल, वाटाण्याएवढ्या कळीतून उघडलेलं, मोठं म्हणावं तर रुपयाएवढं.

मी म्हटलं, मॅडम, एवढ्यासाठी एवढं?

त्या चिडल्या नाहीत. गळ्यातलं भिंग काढून माझ्या डोळ्याला लावलं आणि म्हणाल्या, बघ. मी बघितलं. ते एक फूल नव्हतंच. त्या रुपयाएवढ्या जागेत शंभरेक फुलं दाटीने उभी होती, प्रत्येकाला आपल्या पाच पाकळ्या, प्रत्येकाचा आपला नळीसारखा गळा, आणि प्रत्येकातून बाहेर डोकावणारं दुहेरी टोक. मॅडमनी सांगितलं की सूर्यफुलाचं, झेंडूचं, शेवंतीचं हेच कूळ. या कुळात सगळ्यांचा असाच एकत्र संसार. पण हे फूल आपलं, इथलं, कुणी बाहेरून आणलेलं नाही. अख्ख्या जिल्ह्यात त्यांना ते या एकाच कड्यावर सापडलं होतं. खाली-वर सगळे डोंगर त्यांनी पायाखाली घातले होते. मी पुन्हा भिंग मागून घेतलं. इतकी वर्षं मी त्या प्रयोगशाळेतली भिंगं पुसत होते, पण त्यातून कधी काही बघितलं नव्हतं.

कड्याच्या वर एका पावरा आदिवासी बाईंचं शेत होतं, ज्वारी आणि मक्याचं. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. त्या घरी पावरी बोलायच्या, आमच्याशी हिंदी-मराठी मिसळून. बोलायच्याही फार कमी. गवत कापताना त्या झाडांभोवती विळा वळवून घ्यायच्या, बकऱ्या त्या अंगाला गेल्या की दगड भिरकवायच्या. मी विचारलं, औषध आहे का याचं? नाही म्हणाल्या. भाजी? नाही. देवाला वाहता? तेही नाही. मग राखता कशाला? मावशींनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी विचारलंय की पाणी कशाला पिता. चांगलं दिसतं, म्हणाल्या. त्याला त्यांच्याकडे नावही नव्हतं. आम्ही आपलं कड्यावरचं फूल म्हणायला लागलो.

मॅडमच्या मनात एकच होतं. एकाच कड्यावर उरलेलं झाड म्हणजे धोक्यात असलेलं झाड. दरड कोसळली, वणवा लागला, संपलं. त्यांना बी पेरून रोपं करायची होती आणि दुसऱ्या कड्यांवर लावायची होती. डिसेंबरात फुलं वाळली की त्यांचा पांढरा पुंजका होतो, प्रत्येक बीला वर केसांची चवरी. वारा सुटायच्या आत ते कागदी पिशवीत घ्यायचं. मॅडम खुडणार, आणि मी साफ करणार.

मी काय साफ केलं होतं म्हणून सांगू! प्रयोगशाळेच्या मागच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरायचं, पुंजका बोटांनी सैल करायचा, आणि वरून हळू फुंकर मारत हाताने उचलत जायचं. हलकं, पांढरं, झुळझुळीत वर येतं. काळपट, जड, चिकटलेलं खाली राहतं. वरचं घ्यायचं, खालचं झटकून द्यायचं. कापसात लहानपणापासून हेच केलंय. मॅडमच्या हातात मी बाटली दिली तेव्हा आत नुसता चांदीचा धूर. त्यांनी बाटली उजेडात धरून फिरवली. म्हणाल्या, इतकं स्वच्छ बी मी विद्यापीठातसुद्धा पाहिलं नाही. मी आठ दिवस हवेत होते.

जूनमध्ये ते बी ट्रेमध्ये पेरलं. उगवलं काहीच नाही.

मॅडम म्हणाल्या, माती चुकली. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्याच कड्याखालची माती पोत्यात भरून आणली. मी बी आणखी निगुतीने साफ केलं, खालचा एक काळा कणही राहू दिला नाही. पुन्हा काही नाही. आता त्या पाण्याला दोष द्यायला लागल्या, मग उन्हाला, मग स्वतःला. रोज सकाळी आल्या की आधी ट्रेपाशी, हजेरीचं रजिस्टर नंतर. ओल्या मातीवर नाक टेकेपर्यंत वाकायच्या. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. मी तोंडावर म्हटलंसुद्धा, तुम्ही पाणीच फार घालता, बी कुजवलंत तुम्ही, माझं बी चांगलं होतं. पुढे ते वाक्य माझ्याच घशात अडकणार होतं, हे तेव्हा कुठे माहीत.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात वर गेलो तर कड्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. वळण अवघड होतं, बाजाराच्या दिवशी दोन जीप समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागायचं. रस्ता रुंद होणार होता. तिथल्या माणसांना तो हवा होता आणि त्यात वावगं काही नव्हतं. मावशींचीच सून बाळंतपणाला त्याच वळणावर अर्धा तास अडकली होती. मॅडमनी काम बघणाऱ्या साहेबांना गाठलं. साहेब भले होते, त्यांनी सांगितलं की उन्हाळ्यापर्यंत काही होत नाही, पण कडा जाणार हे नक्की.

मग झाडंच उपटून नेऊ असं मी म्हटलं. करून बघितलं. मावशींनी पहार आणली, आम्ही तिघी दुपारभर त्या दगडाशी झुंजलो. मुळं भेगेत हातभर आत, दगडाला धरून बसलेली. दोन झाडं निघाली ती मुळं तुटूनच. कुंडीत आठवड्यात वाळली. म्हणजे आता सगळं बियांवर होतं. उन्हाळ्यानंतर हे फूल आमच्याकडे असेल ते बाटलीत असेल, नाहीतर कुठेच नसेल.

त्या डिसेंबरात पुंजकेही कमी मिळाले. सगळं मिळून एका लिफाफ्यात मावलं. मॅडमनी तो माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाल्या, "हे शेवटचं आहे. सांभाळून." कॉलेजला नाताळची सुट्टी होती, प्रयोगशाळेत रंगकाम निघालं होतं, म्हणून मी लिफाफा घरी नेला.

दुकान आता माझा भाऊ बघतो. तिथे विजेचं यंत्र आलंय, एका तासात चार गाद्यांचा कापूस पिंजून देतं. अब्बा दिवसभर ओसरीत बसतात. त्यांची कापूस पिंजायची कमान, माणसाएवढी, आतड्याच्या तातीची, भिंतीवर टांगलेली असते. मी दुपारी अंगणात वर्तमानपत्र पसरलं, लिफाफा उघडला आणि कामाला लागले. अब्बा उठून शेजारी येऊन बसले. बराच वेळ बघत राहिले. हात चांगला चालतो तुझा, म्हणाले. मी खूष. मग त्यांनी मी बाजूला सारलेल्या कचऱ्यात बोट घातलं, एक काळपट कण उचलला, नखात दाबला, दुसरा उचलला. मग माझ्या वाटीतलं एक झुळझुळीत बी घेतलं आणि तेही दाबलं.

घरात आमची हिंदी. पण अब्बा धंदा शिकले ते शेतकऱ्यांच्या ओट्यांवर बसून, त्यामुळे धंद्यातलं काही सांगायचं असलं की त्यांच्या तोंडून अहिराणीच येते. ते म्हणाले, "तू रुई ठेवी लिन्ही आन सरकी फेकी दिन्ही. शेतकरी काय पेरस, रुई का सरकी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

वाटीतलं बी मी नखाने फोडलं. पोकळ. नुसतं टरफल. दुसरं फोडलं, तेही पोकळ. कचऱ्यातला काळा कण फोडायला हात धजेना. दोन वर्षं मी भरलेलं बी ओट्यावरून झटकून दिलं होतं, एकेक दाणा, निगुतीने, आणि पोकळ टरफलं बाटलीत भरून मॅडमच्या हातात दिली होती. वर त्यांनाच ऐकवलं होतं की तुम्ही बी कुजवलंत. कुठल्याही शेतकऱ्याच्या पोरीने ही चूक केली नसती. तिच्या घरी सरकी हे धन; आमच्या घरी सरकी म्हणजे गादीत बोचणारा कचरा. जे उडतं ते आपलं, जे पडतं ते टाकायचं, हे माझ्या हाताला इतकं मुरलेलं होतं की डोक्याने कधी मध्ये बोलायची हिंमतच केली नाही. मी तिथे अंगणात बसून रडले. अब्बांनी रडू दिलं.

मग ते उठले आणि कमान भिंतीवरून उतरवली. कितीतरी वर्षांनी. तात सैल झाली होती, ती आवळून घेतली. लिफाफ्यातलं सगळं, मी वेगळं केलेलं आणि न केलेलं, पुन्हा एकत्र केलं आणि कागदावर पातळ पसरवलं. तात झोडायचा लाकडी मुठा त्यांनी घेतलाच नाही. तात कागदाच्या बोटभर वर धरली आणि अंगठ्याने नुसती छेडली. बारीक आवाज निघाला, माशी गुणगुणावी एवढा. कागदावरचा पांढरा धूर थरथरला आणि वर उठला. पोकळ बी आपल्या चवरीसकट तरंगत बाजूला जाऊन पडत होतं. भरलेलं जागच्या जागी डुलत होतं, चवरी हलायची पण बूड कागद सोडत नव्हतं. ज्या हाताने मणामणाचा कापूस झोडला, तो हात किती हलका होऊ शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं. अब्बा श्वाससुद्धा जपून घेत होते. तासाभराने कागदावर उरले ते दाणे मी मोजले. तेवीस.

सकाळी मी मॅडमच्या घरी गेले. चहा नको म्हटलं, आधी ऐका म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं त्या दार दाखवतील. त्या खिडकीपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी पीएच.डी. केलेली बाई. दोन वर्षं त्या बाटलीचं कौतुक केलं आणि एक बी फोडून पाहिलं नाही." असं म्हणून स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. नंतर त्यांनी समजावलं की झाडं थोडी उरली की असं होतं. एका झाडाचा पराग दुसऱ्याला मिळत नाही, फूल आपलं बी घडवतं पण आतला गर भरत नाही. म्हणून शंभरात दोन-चारच भरलेली. तेवीसपैकी एक त्यांनी पातं घेऊन चिरलं. आत पांढराशुभ्र गर होता. मला ते एक गेल्याचंही वाईट वाटलं. राहिली बावीस.

त्याच दिवशी मी प्रयोगशाळेच्या मागे जाऊन ओट्याखालचा सगळा कोपरा बघून आले, झटकलेल्यातलं एखादं तरी रुजलंय का म्हणून. तिथे आदल्या वर्षीच फरशी घातलेली होती.

एप्रिलमध्ये कडा फोडला. आम्ही गेलो नाही. मावशींनी त्यांच्या पुतण्याच्या फोनवरून मॅडमना कळवलं, एवढंच सांगितलं की गेलं. पावसाळ्यापर्यंत त्या बावीस दाण्यांची बाटली मॅडमच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात. आधीच पेरा म्हणून मी मागे लागले होते, पण त्या म्हणाल्या, झाडाला जो पाऊस लागतो तोच देऊ. जूनमध्ये पेरलं. या वेळी पाणी मी घातलं, फवाऱ्याने, आणि मॅडम नुसत्या बघायच्या. सातव्या दिवशी काही नाही. दहाव्या दिवशी काही नाही. मी अब्बांशी बोलेनाशी झाले, जणू त्यांचाच गुन्हा. तेराव्या दिवशी सकाळी मॅडमच्या आधी मी पोचले. मातीत एक हिरवा वाक दिसला, नखाच्या कडेएवढा. मी मॅडमना फोन लावला आणि मला बोलताच येईना. त्यांना वाटलं मी पडले-बिडले. त्या ओढणीशिवाय, घरातल्या चपलांवर धावत आल्या. मग आम्ही दोघी त्या ट्रेपाशी फरशीवर बसून राहिलो. कार्यालयातले क्लार्क येऊन बघून गेले, कुणी मेलं की काय म्हणून.

बावीसपैकी नऊ उगवली. वर्षभर कुंड्यांत वाढवली. पुढच्या पावसाळ्यात मावशींनी आपल्या शेताच्या वरचा कडा दाखवला, रस्त्यापासून लांब, तसाच काळा दगड. भेगांत माती भरून नऊ रोपं लावली, प्रत्येकाशेजारी बांबूची खुंटी. दोन गेली. सात जगली. त्याच ऑक्टोबरात चार रोपांना फूल आलं, आणि अब्बा म्हणाले मला बघायचंय. त्यांना जीपमधून नेलं, शेताच्या बांधावरून धरून धरून वर चढवलं. त्यांनी भिंगातून बघितलं, मग भिंग बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं, आणि तिथेच दगडावर बसून राहिले. अल्लाने केवढी मेहनत घेतलीय, म्हणाले. मावशींनी त्यांना भाकरी आणून दिली. दोघांची भाषा वेगळी, पण तासभर शेजारी बसून होते.

डिसेंबरात पुंजके पिकले तेव्हा मॅडमनी सवयीने कागदी पिशव्या काढल्या. मी म्हटलं, राहू द्या. या वेळी नको. मला वाटलं होतं वाद घालतील, पण त्यांनी पिशव्या परत ठेवल्या. आम्ही बसलो. दुपारी वारा सुटला. पांढरं पांढरं उडालं, बरंचसं दरीवरून निघून गेलं, काही जवळच अडखळत गवतात, दगडांच्या सांदीत पडलं. काय उडतंय आणि काय पडतंय ते मी बघत होते, आणि माझे हात मांडीवर होते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही वर गेलो तेव्हा मावशी बांधावरच उभ्या होत्या. आम्हाला बघताच पुढे चालायला लागल्या. कड्याच्या कडेला, आमच्या शेवटच्या खुंटीपासून आठ-दहा पावलं लांब, त्यांनी चार दगड गोल मांडून ठेवले होते, बकऱ्यांचा पाय पडू नये म्हणून. आत बोटभर उंचीचं रोप होतं, पानं खालून राखेच्या रंगाची. मॅडम गुडघ्यावर बसल्या, आजूबाजूला गवत सारून खुंटी शोधायला लागल्या. खुंटी नव्हती. त्यांनी वर बघितलं.

मावशी म्हणाल्या, "हे तुम्ही नाही लावलं."